बाझिलच्या रेआलची मोनेल

मोनेलचा आवाज तसा गोड नाही. मी तिची धर्माची आई, तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरून उभी राहिलेली, तरी हे म्हणते. लहानपणी चर्चमध्ये पोरींचा घोळका गायला उभा राहिला की बाकीच्या घंटीसारख्या किणकिणायच्या आणि त्यांच्या मधूनच हिचा आवाज जाडाभरडा, ओल्या दोरखंडासारखा वर यायचा. फादर एकदा मला म्हणाले, "लोरेत, तुझ्या पोरीला सर्दी झालीय का गं?"

"नाही हो फादर," मी म्हटलं, "तिचा कारखानाच तसा आहे."

चर्चच्या समोर माझं केस कापायचं दुकान आहे. आमच्या या प्वांत-रूज गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे कोणाच्या डोक्यावर काय आहे आणि आत काय चाललंय, दोन्ही मला कळत असतं. मोनेलची आई एडना आणि मी तरुणपणी मासळीच्या कारखान्यात एकाच टेबलापाशी उभ्या राहून कॉड साफ करायचो. पुढे मी कात्री हातात घेतली, ती सुरीलाच धरून राहिली. एडनाचा नवरा रेआल लॉब्स्टर धरतो. एडना बोलते आणि रेआल ऐकतो, या करारावर त्यांचा संसार चालू आहे आणि करार दोघांनाही मान्य आहे.

मोनेल त्यांची एकुलती एक. बापासारखी उंच, आईसारखी तोंडाळ, आणि गाणी जुळवायची खोड कुठून आली देव जाणे. आठ-नऊ वर्षांची असताना माझ्या खुर्चीत बसून ती आरशातल्या स्वतःला गाणं म्हणून दाखवायची. मांजराचं गाणं, दात पडल्याचं गाणं. सगळं आमच्या बोलीत. आमची फ्रेंच म्हणजे पूर्वजांनी बोटीतून आणलेली, मीठ लागून टणक झालेली, आणि मोडेल तिथे इंग्रजीचा खिळा ठोकून चालवलेली. आम्हाला ती भाषा आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आम्ही फक्त बोलत होतो.

ती भाषा आहे का, हा प्रश्न मोनेलला पंधराव्या वर्षी विचारला गेला. शहरात मुलामुलींची गाण्याची स्पर्धा होती. एडना, रेआल, मी, सगळे गाडीतून गेलो. मोनेलने स्वतः रचलेलं बापाच्या बोटीवरचं गाणं म्हटलं. छान म्हटलं. तीन परीक्षक होते, त्यातल्या गळ्यात रेशमी रुमाल बांधलेल्या एकाने अगदी मायेने विचारलं, "आवाज वेगळा आहे हं तुझा. पण बाळ, हे तू गायलीस कुठल्या भाषेत?"

सभागृह हसलं. दुष्टपणाने नाही, सहज हसलं. मोनेलही हसली. मग खाली उतरून आमच्याजवळ बसली आणि तिच्या मांडीवरचं सँडविच घरी पोचेपर्यंत तसंच राहिलं. परतीच्या वाटेवर एडनाने त्या परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"कुठल्या भाषेत म्हणे! गळ्यात फडकं बांधलं की कान बंद होतात वाटतं!"

"आई, पुरे ना," मोनेल म्हणाली. इंग्रजीत म्हणाली. ते तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यानंतर ती गायची थांबली नाही, पण आमच्या बोलीत गायची थांबली. शाळा संपल्यावर इंग्रजी बोलणाऱ्या हॅलिफॅक्स शहरात गेली. दिवसा एका बेकरीत काम आणि शुक्रवार-शनिवारी पबमध्ये गाणं. तिथे तिने नावही बदललं. मोनेल तिमो म्हणायला इंग्रजांच्या जिभेला कष्ट पडतात, म्हणून मोना टिमन्स झाली. चांगलं चाललं होतं तिचं, खोटं कशाला बोलू? लोक ऐकायला येत. बिअरचा ग्लास खाली ठेवून ऐकत.

एकदा एडना आणि मी न सांगता जाऊन बसलो. मोनेल स्टेजवर आली. केस सरळ केलेले, कोणी केले होते कोण जाणे, टोकं सगळी भाजलेली. तिने गायला सुरुवात केली आणि मी एडनाकडे पाहिलं, एडनाने माझ्याकडे. आवाजातली सगळी खरखर तिने पुसून टाकली होती. लोण्यासारखा आवाज. शब्द स्वच्छ, एकही कानाकोपरा नाही. दोन गाण्यांच्या मध्ये ती लोकांना म्हणाली, "मी खालच्या किनाऱ्याकडची."

"खालच्या किनाऱ्याकडची?" एडना माझ्या कानात फिस्कारली. "गावाला नाव नाही का आपल्या?"

"हळू बोल."

"आणि केस बघ गं तिचे!"

"केसांचं मी बघते. तू टाळ्या वाजव."

आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर मोनेल आमच्या गळ्यात पडली, रडली, हसली, सगळं झालं. पण बसमध्ये परतताना एडना गप्प होती, आणि एडना गप्प बसली की हवामान बदलतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग मोनेलने स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा एक छोटा अल्बम करायचं ठरवलं. हॅलिफॅक्समध्ये एका चांगल्या स्टुडिओत जाऊन तिने गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि नाताळला घरी आली तेव्हा ती सोबत घेऊन आली. अजून बाहेर कोणी ऐकली नव्हती. नाताळच्या झाडासाठी आम्ही सकाळी रेआलच्या ट्रकमधून निघालो होतो. पुढे बापलेक, मागे मी. मोनेलने गाणं लावलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. तिचे कान मात्र लाल झालेले मला मागून दिसत होते.

रेआलने पूर्ण गाणं ऐकलं. तो काहीही पूर्ण ऐकतो. मग म्हणाला, "चांगलं आहे. कोण गातंय?"

मोनेलने मान वळवली. "बाबा, मी."

"तू?"

"मीच."

"हो का," रेआल म्हणाला, आणि ओशाळून त्याने आवाज वाढवला, जणू हळू वाजत होतं म्हणून ओळखू आलं नाही.

रेआलला टोमणा मारता येत नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा तो लागेल असं बोलत नाही. म्हणूनच तो प्रश्न तिला इतका लागला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, टोकं काप. सगळी जळकी काप."

मी कापत असताना ती म्हणाली, "बाबांना ओळखता आलं नाही म्हणून मला राग नाही आला. मी पण ऐकलं ना ते त्यांच्याबरोबर. मलाही ओळखता येईना. कोणीतरी बाई छान गात होती."

तो अल्बम तिने बाहेर काढला नाही. स्टुडिओतले लोक म्हणाले, वेडी झालीस का? तिने फक्त इतकंच सांगितलं की तयार नाही. हॅलिफॅक्सला परत गेली, बेकरीत पाव भाजत राहिली, पबमध्ये लोकांची गाणी म्हणत राहिली. स्वतःची म्हणेना.

पुढच्या हिवाळ्यात एडनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लॉब्स्टरचा हंगाम चालू, रेआल पहाटेपासून समुद्रावर. मोनेल काही आठवड्यांसाठी म्हणून आली. एडनाला खुर्चीत बसून राहायची शिक्षा झाली होती आणि ती ती शिक्षा सगळ्यांमध्ये वाटून भोगत होती. हातात काठी होती, ती चालायला कमी आणि दाखवायला जास्त. "ते फडकं तिथे नाही. तो टोप असा नाही. कांदा असा चिरतात? कोण शिकवतं तुम्हाला हॅलिफॅक्सला?"

मी एक दिवस तिचे केस बसवायला घरीच गेले. मोनेल टेबलापाशी बटाट्यांचा डोंगर घेऊन रापूरसाठी किसत होती. आमच्याकडे रापूर करायचं म्हणजे अर्धा दिवस किसा, पिळा, वरून उकळता रस्सा ओता, मग कोंबडीचे तुकडे मध्ये घालून भट्टीत टाका. हात भरून येतात. तेवढ्यात मोनेल सालं बाहेर टाकायला गेली आणि दार उघडंच राहिलं.

"दार लाव गं!" एडना कडाडली. "धुकं आत येतंय सगळं! त्याला काय आता बटाटे वाढू? बसायला खुर्ची देऊ? तुझ्या बापाच्या सपाता देऊ पायात घालायला? ये म्हणावं धुक्या, बस, पाहुणा आलास, माझ्या लेकीनेच दार उघडं ठेवलंय तुझ्यासाठी!"

मोनेल दारातच थांबली. सालांची बादली हातात. "आई, परत म्हण."

"काय परत म्हण? दार लाव!"

"नाही, ते सपातांचं. परत म्हण ना."

"लोरेत, बघितलंस? आईची थट्टा करते."

पण मोनेल थट्टा करत नव्हती. दार लावून ती परत किसायला बसली आणि किसणीच्या तालावर हळूच गुणगुणायला लागली: "दार लाव, दार लाव, धुक्याला काय वाढू..." आणि तो आवाज, अहो, तोच तो जाडाभरडा. ओला दोरखंड. माझ्या हातातला कंगवा एडनाच्या केसांत तसाच अडकून राहिला. बोलीतले आमचे शब्द, खिळे ठोकलेले, एडना ओरडते तसेच. आणि गाणं! शेवटच्या बटाट्यापर्यंत अर्धंअधिक तयार झालं.

"हे तू कुठे म्हणणार आहेस?" एडनाने संशयाने विचारलं.

"माहीत नाही."

"माझं भांडण गावभर वाजवलंस ना, तर बघ."

"गावभर तुझं भांडण तू स्वतःच वाजवतेस आई. दार उघडं असताना तर पलीकडच्या वाडीपर्यंत जातं."

एडनाने काठी उचलली. मी कंगवा सोडवून घेतला.

काही आठवड्यांचे काही महिने झाले. एडना चालायला लागली तरी मोनेल परत गेली नाही. तिने गावच्या वृद्धाश्रमात आठवड्याचे तीन दिवस काम धरलं. म्हाताऱ्यांना अंघोळी घालायच्या, भरवायचं, त्यांच्याशी पत्ते खेळायचे. तिथे ती नवी गाणी म्हणून बघायची. एक गाणं दाराशी काढून ठेवलेल्या बुटांवर, माणूस अजून समुद्रावरून आलेला नाही आणि दुसरी जोडी तशीच वाट बघते, असं. एक गाणं दोन शेजारणींचं, कपडे वाळत घालता घालता ज्या चाळीस वर्षं भांडतात आणि एक मेल्यावर दुसरी दोघींचे कपडे वाळत घालते. एक तिचं स्वतःचं, शहरात आपलं नाव दुसऱ्याने घेतलं की मागे वळून बघायला उशीर होतो त्याचं. म्हातारे हसायचे, डोळे पुसायचे, एखादा म्हणायचा, "ए, हा शब्द माझ्या आजीचा!" ती माझ्या दुकानात येऊन हे सगळं सांगायची तेव्हा तिचा चेहरा असा असायचा की मी केसांना रंग लावत असेन तर वेळ विसरायचे. बर्नादेत नावाच्या गिऱ्हाइकाचे केस त्यापायी एकदा गाजरासारखे झाले. तिने मला माफ केलं. जवळजवळ.

मग अल्बम करायचाच असं ठरलं. कंपनी नाही, कोणी नाही, आपला आपण. सिरिल नावाचा आमच्या रेडिओवर आवाजाचं काम करणारा एक पोरगेला गृहस्थ आहे, पन्नाशीचा असून पोरगेलाच दिसतो. तो गाणी मुद्रित करायला जागा शोधत, कुठे आवाज कसा येतो ते बघायला गावभर टाळ्या वाजवत फिरला. चर्चमध्ये वाजवली, आवाज फार घुमतो. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वाजवली, पत्रा बोलतो. शेवटी केस कापायला माझ्याकडे आला आणि सवयीने टाळी वाजवली. मग परत वाजवली.

"लोरेत," तो म्हणाला, "रविवार-सोमवार तुझं दुकान बंद असतं ना?"

अशा रीतीने माझ्या दुकानाचा स्टुडिओ झाला. केस वाळवायच्या टोपांवर गोधड्या टाकल्या, आरसे ब्लँकेटांनी झाकले, घरात कोणी गेल्यावर झाकतात तसे. मला जरा कसंसं झालं, पण मोनेल म्हणाली, "बरं आहे मावशी, गाताना मी मला दिसायला नको." फ्रीज गुरगुरतो म्हणून सिरिलने त्याची तार काढली आणि परत लावायला विसरला. माझं अख्खं आइस्क्रीम वाहून गेलं. रस्त्यावरून बर्फ काढायची गाडी गेली की थांबायचं. समोरच्या घरचा कुत्रा भुंकला की थांबायचं. बुटांच्या गाण्याला सगळं शांत, मोनेल डोळे मिटून शेवटच्या ओळीवर आलेली, आणि माझ्या दाराची घंटी वाजली. रेआल. हातात लॉब्स्टरची पाटी.

"जेवलात का?" त्याने विचारलं.

सिरिलने डोक्याला हात लावला. मोनेलने कानावरचा हेडफोन काढला, हसली आणि म्हणाली, "राहू दे ते तसंच. घंटी राहू दे. बाबा, तुमचा आवाज पण राहू दे." तो अल्बममध्ये आहे. गाणं संपतं, घंटी वाजते आणि एक माणूस विचारतो, जेवलात का.

फक्त एडनाच अडून बसली होती. 'दार लाव' घ्यायचं नाही म्हणजे नाही. "लोक म्हणतील एडना तोंडाची फटकळ आहे."

"म्हणतील?" मी म्हटलं.

तिने माझ्याशी अबोला धरला. एक दुपार टिकला.

गाणी जवळजवळ पूर्ण झाली आणि फ्रेंच बोलणाऱ्या मोठ्या शहरातून, माँट्रियालहून फोन आला. सिरिलने दोन गाणी तिकडच्या एका ओळखीच्या माणसाला पाठवली होती, ती फिरत फिरत मादाम व्हेझिना नावाच्या बाईंपर्यंत पोचली. गाणी प्रसिद्ध करणारी त्यांची मोठी संस्था आहे. बाई फार चांगल्या बोलल्या. आवाज विलक्षण आहे, चाली विलक्षण आहेत, आम्ही हा अल्बम काढू, तुम्हाला गावोगावी गाण्याचे कार्यक्रम देऊ. फक्त चार-पाच गाण्यांचे शब्द जरा सर्वांना कळतील अशा फ्रेंचमध्ये करून पुन्हा म्हणाल का?

मोनेल माझ्याकडे आली, आरशासमोर न बसता खिडकीत बसली.

"मावशी, काय बिघडेल गं? भाषा तीच तर आहे. थोडी इस्त्री केलेली."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मी चाळिशीकडे निघालेय आणि परत कोणी विचारणार नाही. मला वाटतं हो म्हणावं. आणि हो म्हणायला गेले की जणू परत ते स्पर्धेच्या दिवशीचं सँडविच मांडीवर आहे आणि गिळता येत नाही."

मी म्हटलं, "चल, तुझ्या आईकडे जाऊ. ती निदान ओरडेल तरी."

एडना कपड्यांच्या घड्या घालत होती. मोनेलने सगळं सांगितलं. एडनाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझंही गाणं बदलायचं? दार लाववालं?"

"ते आधी बदलायचं म्हणतात. ते सर्वांना आवडलंय."

"म्हण बघू कसं होईल ते."

मोनेलने म्हणून दाखवलं. नीटनेटक्या, रेडिओवरच्या फ्रेंचमध्ये. कृपया दार बंद कर, धुकं आत प्रवेश करत आहे. एडनाच्या हातातली चादर अर्धवट घडीत राहिली.

"ही कोण बाई?" ती म्हणाली. "ही माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मला 'कृपया' म्हणते? मी जन्मात असं ओरडले नाही! भांडायचं तर माझ्या भाषेत भांडेन, नाहीतर बाई मला गाण्यातून बाहेर काढा!"

"पण आई, तू तर म्हणत होतीस गाणं घेऊच नको."

"ते वेगळं. आपल्या घरातलं वेगळं. माँट्रियालच्या बाईने मला शिष्टाचार शिकवायचा नाही." आणि मग, चादरीची घडी पुरी करत, जरा खालच्या आवाजात, "मी काय बोलते ते कोणाला कळत नसेल तर त्यांनी कान द्यावा. मी नाही दिला? त्यांच्या टीव्हीला जन्मभर मी कान दिला."

मोनेल पुढच्या चादरीचं दुसरं टोक धरून आईबरोबर घड्या घालायला लागली. त्याच दिवशी तिने मादाम व्हेझिनांना फोन करून आभार मानले आणि नाही म्हणाली. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. अल्बम निघाला की मला एक पाठवा, म्हणाल्या. मोनेलच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं, कबूल करायला हवं. दार बंद केलं की ते बंदच झालं हे तिला कळत होतं. पण संध्याकाळी जेवताना तिने दोनदा रापूर वाढून घेतलं.

राहिला नावाचा प्रश्न. मोना टिमन्स आता नको होतं. मोनेल तिमो लिहावं तर गावात मोनेल तिमो दोन, दुसरी दातांच्या डॉक्टरकडे बसते आणि हिची पत्रं तिच्याकडे जातात. सिरिल वैतागून म्हणाला, "मग लोक काय म्हणतात तुला? गावात कोण मोनेल विचारलं तर काय सांगतात?"

"काय सांगणार? बाझिलच्या रेआलची मोनेल."

हे म्हणाली आणि स्वतःच थांबली. आमच्याकडे सगळ्यांची आडनावं पाच-सहाच, त्यामुळे माणूस ओळखायचा तो बापआजोबांच्या नावाने. तेच अल्बमचं नाव झालं आणि तेच गायिकेचं. रेआलला अल्बमचं पहिलं वेष्टन दाखवलं तेव्हा तो घाबरला. "माझं नाव कशाला? मी काय केलंय?"

"आजोबांचंही आहे बाबा. त्यांनी तरी काय केलंय?"

रेआलने वेष्टन हातात घेऊन उलटंसुलटं केलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ते ट्रकच्या काचेशी, तोंड बाहेर करून ठेवलेलं, वाण्याच्या दुकानासमोर गाडी उभी असताना येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं.

हंगाम संपून बोटी किनाऱ्याला लागल्या आणि जूनमधल्या एका शनिवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अल्बम प्रसिद्ध केला. गाव लोटलं. मोनेलचे केस मी केले होते, कुरळे, तिचे जन्मजात. ती मागच्या खोलीत माझा हात धरून उभी होती.

"मावशी, लोक हसले तर?"

"हसण्यासारखी गाणी आहेत की तीन."

"तसं नाही. तसं हसले तर?"

मला कळलं. परक्यांसमोर आपली बोली ऐकवणं सोपं. ज्यांना जन्मभर सांगितलं गेलंय की तुमची भाषा मोडकी आहे, त्यांनाच ती स्टेजवरून ऐकवायची, हे अवघड. मी तिला ढकललं. दुसरं काय करणार?

पहिलं गाणं बुटांचं झालं. संपलं आणि टाळी नाही. हॉलमध्ये इतकी शांतता की पत्र्यावर सीगलच्या पायांचा आवाज येत होता. पुढच्या रांगेतल्या दोन बायका जमिनीकडे बघत बसलेल्या. त्यांच्या घरची बोट एके काळी परत आलेली नव्हती. मोनेल पांढरी पडली. मग मागून कोणीतरी खोकल्यासारखं केलं, आणि त्या दोघींपैकी थोरलीने मान वर करून टाळी वाजवली. एकटीने, सावकाश. आणि मग सगळ्यांनी.

नंतर 'दार लाव' सुरू झालं. पहिल्या ओळीलाच हॉल ओळखून चुकला की हे कोण बोलतंय. माना वळल्या. एडना तिसऱ्या रांगेत लाल होत चाललेली. सपातांच्या ओळीला ती उठून उभी राहिली.

"बापाच्या सपाता नव्हे! बापाच्या चांगल्या सपाता म्हटलं होतं मी!"

मोनेलने गिटार थांबवली. "आई, 'चांगल्या' ओळीत बसत नाही."

"मग ओळ मोठी कर!"

"खाली बस गं एडना, धुकं उभं आहे मागे!" कोणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसत सुटला. रेआलच्या हसण्याचा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. मोनेलने ओळ मोठी केली, 'चांगल्या' घातलं, ताल जरा अडखळला, आणि दुसऱ्या खेपेला सगळा हॉल आमच्या मोडक्या बोलीत, गळे मोकळे सोडून, दार लाव म्हणत होता. कोणाला शब्द शिकवावे लागले नाहीत. ते शब्द सगळ्यांच्या घरात होते.

त्याला आता चार वर्षं होत आली. मोनेल प्रसिद्ध वगैरे झाली नाही. आमच्या रेडिओवर वाजते, उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या गावांतून गाते, एकदा विमानाने लुइझियानापर्यंत जाऊन आली. पूर्वीच्या हाकलाहाकलीत तिकडे फेकले गेलेले आमचे लांबचे भाऊबंद गाणं ऐकून म्हणाले, असं आमचा आजोबा बोलायचा. शाळेतल्या बाईंनी शेजारणींचं गाणं मुलांना शिकवलंय. मादाम व्हेझिनांनी अल्बम मिळाल्यावर पत्र पाठवलं की अर्धे शब्द कळले नाहीत आणि रोज ऐकते. वृद्धाश्रमाचे तीन दिवस मोनेलने सोडलेले नाहीत. सोडायचे नाहीत, म्हणते. तिथे पत्त्यांत एक म्हातारा तिला फसवतो आणि त्याला पकडायचंय. एडना वाण्याकडे गेली की लोक विचारतात, "दार लावलंस का?" ती तोंड वाकडं करते आणि रांगेत उभी राहून दोन ओळी म्हणूनही दाखवते, अर्थात 'चांगल्या'सकट.

गेल्या सोमवारी मोनेल आली होती. दुकान बंद, पण तिच्यासाठी उघडते मी. पुढच्या आठवड्यात तिचं कुठेसं गाणं आहे. तिला केस लाल करायचे होते.

"लाल तुला शोभत नाही," मी म्हटलं.

"मावशी, एकदा बघू या तरी."

"बर्नादेतला विचार लाल काय असतं ते."

आम्ही अर्धा तास वाद घातला, मग मी रंग कालवला. लाल नाही, तांबूस. डोक्याला पट्ट्या गुंडाळून ती गोधडी नसलेल्या टोपाखाली बसली आणि पाय हलवत काहीतरी नवं गुणगुणू लागली. शब्द अजून नव्हते, नुसती चाल, ती मधे अडायची आणि पुन्हा मागून सुरू करायची. मी काय आहे ते विचारलं नाही. चहा ठेवला, कपाटातून बिस्किटं काढली, आणि रंगाची वेळ बघायला या वेळी घड्याळ आठवणीने लावलं.